हिल डिस्ट्रिक्टची गाडी

४ नोव्हेंबर १९६६. पिट्सबर्गच्या सीरिया मॉस्क सभागृहात तुम्ही मागच्या रांगेत उभे आहात. नाव मशिदीचं असलं तरी इथे मैफली होतात, सभा होतात. आज निवडणुकीची सभा आहे. पेन्सिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स बोलता बोलता कोसळतात. गर्दीतून एक नर्स धावते, त्यांना श्वास देऊ लागते. आता अँब्युलन्स येईल म्हणून तुम्ही दाराकडे बघता, तर येते पोलिसांची व्हॅन. आजारी माणसाला हॉस्पिटलात पोचवणं हे या शहरात पोलिसांचं काम, नाहीतर मयताच्या गाडीवाल्यांचं. हॉस्पिटलात लॉरेन्स यांचं हृदय पुन्हा चालू होतं, पण मेंदू तोवर गेलेला असतो. अडीच आठवड्यांनी ते जातात.

माजी गव्हर्नरची ही गत, मग हिल डिस्ट्रिक्टमधल्या म्हातारीला कोण विचारतो! ही काळ्यांची वस्ती. तिचा खालचा भाग शहराने पाडून तिथे क्रीडागृह उभं केलंय. मोठी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, पण तिथवर जायचं तर पोलिसांना फोन करायचा. ते आलेच, तर पेशंटला मागे आडवं टाकणार आणि दोघेही पुढे बसणार. मागे त्याचं काय होतंय ते उतरवतानाच कळणार. म्हणून पुष्कळ जण फोनच करत नाहीत.

आता १९६७. तुम्ही बावीस वर्षांचे, काळे, बेकार. फ्रीडम हाउस नावाची वस्तीतलीच संस्था पोरं गोळा करतेय, तुम्हीही गेलात. वर्गात कोणी व्हिएतनामहून आलेला, कोणी तुरुंगातून, कित्येकांची शाळा अर्धवट सुटलेली. यामागे होते एक फाउंडेशन चालवणारे फिल हॅलन; त्यांच्या मनात होती पेशंटला नेणारी गाडी आणि वस्तीतल्या पोरांना रोजगार. पण ते ज्यांच्याकडे गेले ते डॉक्टर पीटर साफार नुसत्या ड्रायव्हरवर थांबणारे नव्हेत. भूलतज्ज्ञ, मूळचे व्हिएन्नाचे. तोंडाने श्वास देण्याची पद्धत ज्यांनी प्रयोगांनी सिद्ध केली, त्यांतले एक. त्यांची स्वतःची लहान लेक १९६६ मध्येच दम्याच्या झटक्यात गेली. त्यांचं म्हणणं साफ आहे: उपचार हॉस्पिटलच्या दारात नाही, पेशंट पडलाय तिथे सुरू व्हायला हवा. त्यासाठी तुम्हाला तीनशे तासांचं शिक्षण. प्रथमोपचाराचं एक कार्ड खिशात असलं तरी गाडीवर घेतात, असे हे दिवस.

शरीररचना शिकवतात, बाळंतपण शिकवतात, गाडी कशी हाकायची तेही. रबरी बाहुलीवर श्वास द्यायला लावतात. (आपल्याकडे ऑफिसांत सीपीआर शिकवायला आणतात ती हीच, नॉर्वेतल्या लॅर्डाल या खेळणी बनवणाऱ्याची.) पण खरा घाम फुटतो तो ऑपरेशन थिएटरात. टेबलावर भूल दिलेला जिवंत माणूस, आणि त्याचा श्वास तुमच्या हातात. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर दाबायची, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली अडकवून जबडा वर ओढायचा, उजव्या हाताने मास्कला जोडलेला हवेचा फुगा दाबायचा. मास्क गालापाशी जरा उचलला तरी हवा फुस्स करून बाहेर जाते आणि छाती जागची हलत नाही. मग मास्क नव्याने बसवायचा. पाचव्या मिनिटाला पंजा आखडतो. तरी सोडायचं नाही.

१९६८ मध्ये गाडी रस्त्यावर येते. पहिल्याच वर्षी तिला सुमारे ५,८०० कॉल येतात. तिसऱ्या मजल्यावर बाई निळी पडलीय, जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. साथीदार पायांकडून खुर्ची धरतो, तुम्ही डोक्याकडून. दर वळणावर थांबून फुगा दाबता. खाली गाडीत तुमची जागा पेशंटच्या उशाशी. हॉस्पिटलात पोचल्यावर नर्स तुम्हाला वॉर्डबॉय समजते. एखादा गोरा पेशंट छातीत कळा येत असतानाही म्हणतो, हात लावू नका. काही उत्तर न देता तुम्ही ऑक्सिजन सुरू करता. कॉल पोलिसांकडे जातो म्हणून तुम्ही त्यांचा रेडिओ ऐकत बसता आणि त्यांच्या आधी पोचता.

१९७४ उजाडतं. नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टरीण आता तुमची वैद्यकीय प्रमुख. स्वतः गाडीत बसते, आणि कामात कुचराई दिसली की सालटी काढते. घशात नळी घालणं, शिरेतून औषध देणं, ईसीजी वाचणं, सगळं तुम्ही रस्त्यावरच करता. देशभरच्या पॅरामेडिकांचा पहिला अभ्यासक्रम तुमच्या गाड्यांवरच्या कामातून तयार होतोय. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराने अशा माणसांना डोक्यावर घ्यावं.

पिट्सबर्गचे महापौर पीट फ्लॅहर्टी मात्र शहराची स्वतःची सेवा काढतात आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाउसचा करार संपवतात. हे काटकसरीचं राजकारण होतं असं कोणी सांगितलं तर मला ते पटत नाही. पैसे नव्या सेवेलाही लागतातच. तुम्हाला शहराच्या नोकरीत घेतात खरं, पण मग चाळणी लागते: नव्या परीक्षा, जुने पोलीस रेकॉर्ड. उरतात त्यांच्या डोक्यावर त्यांच्याहून कमी अनुभवाचे गोरे. पेशंटच्या उशाशी कोण बसणार हे आता ते ठरवतात, आणि तुमच्या वाट्याला बॅगा उचलणं येतं. एकेक जण नोकरी सोडून जातो.

फ्रीडम हाउसचा जॉन मून टिकतो. तो चढत चढत शहराच्या सेवेचा सहायक प्रमुख होतो आणि पहिलं काम हाती घेतो ते काळ्या वस्त्यांतून पोरं-पोरी भरती करण्याचं. त्याने आणलेल्यांतली अमेरा गिलख्रिस्ट पुढे त्याच सेवेची प्रमुख झाली.