मोठी की पाइंट?

कळवणला दोघं बसले की साडेसहाशे मिलीची एक बिअर मागवतात, एकटा असला की ३३० ची. तिला आपण ‘पाइंट’ म्हणतो, पण ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा. साहेबाचं नाव राहिलं, माप बदललं. ७५० चा खंबाही जवळपास ब्रिटिश गॅलनचा सहावा हिस्साच.

या मापांआधी आमच्या डोंगरपट्ट्यात मोहाची दारू होती. पाड्यांवर ती घरीच गाळत. सणाला, लग्नाला, देवाला. कुणाला किती, हे वाढणारा हात ठरवायचा. मग १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. सरकारला महसूल हवा होता. कर लावायचा तर दारू मोजता यायला हवी, आणि घरोघरच्या मडक्यांचा हिशेब कोण ठेवणार? विनापरवाना गाळणं गुन्हा ठरलं. १९५० ला राज्यात दारूबंदी आली, पुढे ती सैल झाली. बाटली उजळ माथ्याने दुकानात परतली. घरी गाळणं आजही गुन्हाच आहे.

म्हणून ‘मोठी की पाइंट’ हा वाद ऐकताना मला वाटतं, निवडायला उरलीत ती दोन्ही मापं करवसुलीच्या सोयीची. आजोबांच्या पिढीचं माप त्यात नाहीच.