किरणोत्सर्गी कालमापन

खडकांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा क्षय ज्या ठराविक गतीने होतो, तिच्या आधारे खडकांचे वय ठरविण्याची पद्धती. झिरकॉन हे खनिज शिलारसातून स्फटिकरूप घेताना युरेनियम सामावून घेते, परंतु शिशाला जवळजवळ मज्जाव करते; त्यामुळे वाळूच्या कणाएवढ्या त्या स्फटिकात आज सापडणारे शिसे बहुतांशी तेथेच युरेनियमच्या क्षयातून उत्पन्न झालेले असते, आणि युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे असल्याने दोहोंच्या गुणोत्तरावरून कालाचा हिशेब मांडता येतो. युरेनियम-२३५ चा स्वतंत्र क्षयही त्याच कणात चालू असल्यामुळे एका साक्षीची पडताळणी दुसरीने होते, हे या पद्धतीचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य होय. सह्याद्रीच्या लाव्हाथरांमधील राखेतल्या झिरकॉनांचे वय याच रीतीने सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील काही कण मात्र सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत.