पडद्यावरचा भोंगा

खेळ संपवून बाहेर पडणारा माणूस ‘पैसे वसूल झाले’ किंवा ‘फुकट गेले’ एवढाच निकाल देतो. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आम्ही अधिक शिकलो. तेथे निकालाबरोबर हिशेबही मागतात. अलीकडचे काही चित्रपट मनाला भिडतात आणि काही हुरहूर लावून जातात, ते का? हा हिशेब आम्ही आमच्याच मुलखातल्या चित्रपटांवरून मांडतो.

१९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो, अशी त्याची कथा. त्यातला तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. पडद्यावर देवादिकांच्या कथांची चलती असतानाचा हा काळ. त्या चित्रपटाचे मोल नुसते हाल दाखवण्यात नाही. हाल कोणामुळे झाले, हे दाखवण्यात आहे. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्येही डिकास्टा या कामगारपुढाऱ्याच्या रूपाने संप आणि सत्ता यांचे लागेबांधे प्रेक्षकाला उलगडत जातात.

आता २०१० चा ‘लालबाग परळ’ घ्या. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर तो आधारलेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात होते. पडद्यावर आमची चाळ दिसली आणि डोळे भरून आले, हे आम्ही नाकारत नाही. पण पुढे पिस्तुले बोलू लागली आणि गिरणी मागे पडली. आमच्या चाळीतली एकदोन पोरे टोळीत गेली, हे खरे. बाकीच्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या, रखवालदारी केली. आईने खानावळ चालवून घर ओढले. ही माणसे पडद्यावर फारशी आलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट राहिली. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या मैदानांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मूळच्या मोकळ्या जागेपुरते उरले. इमारती पाडून निघालेली जागा वाटणीबाहेर गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. कोणाच्याही हातात सुरा नव्हता, तरी वार वर्मी बसला. पिस्तूल पडद्यावर सहज दिसते, कलम दिसत नाही; म्हणून कथाकार पिस्तुलाकडे वळतो.

कलम दाखवताच येत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहावा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. गटार साफ करणारा कामगार मरतो आणि आत्महत्येला चिथावल्याचा खटला मात्र एका लोकशाहीरावर भरला जातो. मारामारी नाही, टाळ्यांची वाक्ये नाहीत. आहेत त्या तारखा, तहकुबी आणि कामगाराच्या विधवेची साधी साक्ष. तो गटारात खडा टाकून पाही. झुरळ बाहेर आले, तर आत श्वास घेता येईल असे समजे. एवढ्या एका तपशिलाने मृत्यूचे कारण उघडे पडते. शेवट गोड नाही, तरी समाधान होते, कारण आपल्याला कोणी फसवले नाही असे वाटते.

दूरचित्रवाणीवरच्या पुष्कळ मालिकांत तर घरचा कर्ता नेमके काय काम करतो, हेच वर्षभर कळत नाही. मग त्याच्या संकटाने आमचा जीव तुटावा कसा?

करमणूक नको, असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही पिटात शिट्ट्या मारल्या आहेत. पण ज्यांच्या वाट्याला पडद्यावर एकतर दया येते नाहीतर गुंडगिरी, त्यांची मुले बापाचा इतिहास तेवढाच समजून बसतात. म्हणून पुढचे तिकीट काढाल, तेव्हा दोन प्रश्न बरोबर न्या: या माणसाचे पोट कशावर चालते? आणि त्याच्या पोटावर पाय कोणी दिला?