जुन्या मोटारी : मिरवण्याच्या आणि चालवण्याच्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला येथे उभे राहण्याची संधी मिळावी, हे मी माझे भाग्य समजतो. मराठीच्या प्राध्यापकाने मोटारींवर बोलावे याचे संयोजकांनाही नवल वाटले असावे. निमंत्रणाच्या पत्रात त्यांनी विषयापुढे प्रश्नचिन्ह घातले होते. तेव्हा खुलासा आधी करतो. १९६२ च्या हिवाळ्यात गुरुजींनी आपल्या कोहिनूरच्या शाळेच्या पटांगणात एक जुनी मोटार आणवली, तिचे बॉनेट उघडले आणि आम्हा मुलांना इंजिन दाखवले. माझ्या आयुष्यातले ते पहिले मोटार-प्रदर्शन. ती मोटार माझ्या काकांची होती. पुढे तिचे जे झाले त्यात माझा हात आहे, आणि ते सांगितल्यावाचून मला या व्यासपीठावरून खाली उतरता येणार नाही.

जुन्या मोटारींचा नाद हा श्रीमंतांचा रिकामपणाचा उद्योग, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नाही. पण या नादाचा उगम पाहिला तर त्यात इतिहासाची जाण दिसते. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे. १८९६ मध्ये मोटारींवरचे असले निर्बंध सुटले, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्राइटनपर्यंत साधारण ६० मैलांचा प्रवास केला. १९२७ मध्ये त्या प्रवासाची आठवण म्हणून तो पुन्हा करण्यात आला आणि त्याची परंपरा झाली. आजही नोव्हेंबरातल्या रविवारी भल्या पहाटे हाइड पार्कातून १९०५ पूर्वीच्या मोटारी निघतात. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला याला तेथे महत्त्व नाही; ब्राइटनला पोचणे हेच यश. भर थंडीपावसात उघड्या मोटारीत बसून, वाटेत दोनदा उतरून, हात काळे करून पोचलेला माणूस जो आनंद भोगतो, त्याची जातकुळी मला आपल्या पायी वारीच्या जवळची वाटते. वातानुकूलित डब्यातून जाणाऱ्याला तो कळणार नाही.

आपल्या देशातही ही परंपरा नवी नाही. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासूनची. मुंबईत ‘विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ या संस्थेच्या रॅली होत आल्या आहेत. लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात, मुले खांद्यावर बसून पाहतात, रोल्स-रॉईस दिसली की टाळ्या पडतात. टाळ्या कशाला पडतात हे मात्र एकदा तपासून पाहिले पाहिजे.

आपल्या मुलुखापुरते बोलावयाचे तर, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी रोल्स-रॉईस आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली. २९ ऑगस्ट १९११ रोजी ते निवर्तले आणि मोटार त्यांच्या पश्चात आली. बार्कर या लंडनच्या कारागिरांनी तिचा सांगाडा चढविला. मागच्या भागात निजामासाठी उंच, सिंहासनासारखी बैठक आहे, म्हणून तिला सिंहासन-मोटारच म्हणतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ती क्वचितच बाहेर काढली. कित्येक दशकांत ती जेमतेम साडेतीनशे मैल चालली, असे सांगतात. चौमहल्ला २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. मीही पाहिली. देखणी आहे, यात वाद नाही. पण तिच्यासमोर उभा असताना माझ्या मनात हिशेब आला, की साडेतीनशे मैल म्हणजे येथून हैदराबादला दोनदाही जाऊन येणे होत नाही.

याच हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने रस्ता-वाहतुकीचा विभाग काढला. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ नोकर. गाड्या स्कॉटलंडमधल्या अल्बियन कंपनीच्या. संस्थानाच्या बसच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर असे. ते निजामांच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या नावावरून घेतले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे रेल्वेची काय अवस्था होती हे मी सांगण्याची गरज नाही. बीदर-कलबुरगी लोहमार्ग पूर्ण व्हायला २०१७ साल उजाडले. तोपर्यंतची सगळी दुखणी-बाळंतपणे, कोर्टकचेऱ्या, लग्ने आणि परीक्षा चाकावरून झाल्या, त्या बैलगाडीच्या नाही तर बसच्या. १९५६ मध्ये संस्थानाचे तीन तुकडे झाले तेव्हा गाड्यांचीही वाटणी झाली. आम्ही म्हैसूर राज्यात आलो. पलीकडे उदगीर-निलंग्याचे आप्त मुंबई राज्यात गेले. एकाच घरातले दोन भाऊ दोन राज्यांच्या बसने एकमेकांकडे जाऊ लागले.

त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादेत जपून ठेवलेली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु राजवाड्यातल्या मोटारीसाठी जेवढे लोक रांग लावतात, तेवढे त्या बससाठी लावत नाहीत. माझे म्हणणे इथेच आहे. जुन्या मोटारी जपताना आपण बहुधा मालकाचा इतिहास जपतो. मोटार ज्यांनी चालवली, ढकलली, दुरुस्त केली, तिच्या टपावर बसून जे गेले, त्यांचा इतिहास भंगारात जातो.

सोलापूर आपल्याला जवळचे. तेथे १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाटच्या धर्तीची गाडी निघू लागली, आणि १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. सत्तरीच्या घरात असलेल्या प्रत्येकाने मुंबईत ‘फियाट’ टॅक्सीत मांडीवर वळकटी घेऊन प्रवास केलेला आहे. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा लागू झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. एखादी तरी टॅक्सी सरकारने जतन करावी, अशी टॅक्सीचालकांची मागणी होती. ती मागणी चालकांची होती, याची नोंद घ्यावी.

आता त्या दुसऱ्या मोटारीकडे वळतो. माझे काका आमच्या भागातल्या एका जागीरदार घराण्यात ड्रायव्हर होते. १९४९ मध्ये जागिरी संपुष्टात आल्या. घराण्याकडे काकांचा दीड वर्षाचा पगार थकला होता. त्याच्या बदली त्यांना फोर्ड कंपनीची १९३० सालच्या सुमाराची ‘मॉडेल ए’ मिळाली. कापडी हूडची, चार सिलिंडरची, काळी. जगात या मॉडेलच्या पन्नास लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, म्हणजे दुर्मिळपणाचा प्रश्नच नव्हता. काकांनी ती भाड्याने चालवली. कोहिनूरहून कल्याणी, हुमनाबाद, आळंद, क्वचित गुलबर्गा. अडलेल्या बाळंतिणीला ते पैसे मागत नसत.

गुरुजींनी तिच्याकडे बोट दाखवून आम्हाला जे शिकवले ते आजही मला पाठ आहे. या मोटारीची पेट्रोलची टाकी चालकाच्या पुढ्यात, काचेच्या खाली असते. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन काड्या असतात. उजवीकडची पेट्रोल वाढविण्याची, डावीकडची ठिणगीची वेळ मागेपुढे करण्याची. हँडल मारताना ठिणगी उशिरा पडेल अशी काडी ठेवावी लागते. ती विसरली तर इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडते. गुरुजी हे तत्त्व सांगत होते आणि काका शेजारी उभे राहून आपले वाकडे जुळलेले मनगट दाखवत होते. असा प्रात्यक्षिकाचा तास मला पुन्हा कोणत्याही विद्यापीठात पाहायला मिळाला नाही. शेवटी गुरुजींनी काकांनाच बोलायला सांगितले. काका शाळा शिकलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, “गाडीला घाई करू नगं. ती काय म्हनती ते आधी ऐकावं.”

भाषेचा विद्यार्थी म्हणून येथे एक विषयांतर करू द्या. जुन्या मोटारी रस्त्यावरून गेल्या, पण आपल्या बोलीतून गेल्या नाहीत. आपण जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधल्या लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाची गल्ली आहे. तेथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जोडचाक विकायला काढले आणि गल्लीचे नाव चाकाला पडले. इंग्रज आज तो शब्द विसरला आहे. कोहिनूरच्या पंक्चरवाल्याला तो येतो. ‘डिकी’ ही मुळात मोटारीच्या मागे उघडणारी बैठक. तीत बसणारे गेले, सामान आले, शब्द राहिला. आणि ‘सेल्फ मारला’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणाच्या ध्यानातही नसते, की ‘सेल्फ’ म्हणजे स्वयंचलित स्टार्टर. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅकने तो आणला, म्हणून हँडल मारण्याचे कष्ट सुटले. हँडल गेले तरी ते सुटल्याची खूण आपल्या तोंडात आहे. या शब्दांचा एखादा कोश गॅरेजमधल्या वृद्ध मेकॅनिकांना विचारून कोणी करील काय? माझ्या उमेदीच्या काळात मी संतसाहित्यावर प्रबंध लिहिला आणि या माणसांना काही विचारले नाही. आता त्यांतले बहुतेक गेले.

तर, १९७६. मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. ‘ए’ चार वर्षांपासून, म्हणजे दुष्काळापासून, वाड्याच्या पडवीत उभी होती. टायर बसले होते, हूड उंदरांनी खाल्ले होते. घरात बहिणीचे लग्न निघाले आणि पडवी मोकळी हवी होती. सोलापूरच्या एका भंगारवाल्याला मीच बोलावून आणले. ८०० रुपये ठरले. काकांना मी समजावले, की काका, ही आता लोखंड आहे. त्यांनी विरोध केला नाही. लोक गाडी ओढून नेऊ लागले तेव्हा ते उठले, पुढचे हँडल काढून घेतले आणि आत गेले.

पुढे कित्येक वर्षांनी एका चर्चासत्रासाठी मुंबईस गेलो असता रविवारी सकाळी जुन्या मोटारींची रॅली दिसली. तीत एक ‘मॉडेल ए’ होती. तिचे मालक वयस्क पारशी गृहस्थ. मी त्यांना विचारले, किती चालते? ते हसून म्हणाले, दर रविवारी चालते, नाही चालवली तर रुसते. त्यांनी मला शेजारी बसवून एक फेरी मारली. डावीकडची काडी हलली, इंजिनाचा ठोका बदलला, आणि पन्नाशीतल्या मला रडू फुटले. सद्गृहस्थांना वाटले मला धूर लागला.

सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यामुळे ५० वर्षांवरील दुचाकी-चारचाकींना आता ‘व्हीए’ या अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा भाड्याने नाही. नियम योग्यच आहे, नाही तर जुनी धुडे धूर ओकीत फिरतील. परंतु त्याचा एक परिणाम असा, की काकांची मोटार आज असती तर तिला रॅलीत मिरवता आले असते, बाळंतिणीला घेऊन हुमनाबादला जाता आले नसते. मूळ स्वरूपात काही बदल झालेला नसावा, अशीही अट आहे. काकांनी तर तिला कुठल्या कुठल्या ट्रकचे भाग लावले होते.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी, गोठ्यात, शेतातल्या खोपीत अजून एखादी जीप, एखादी बुलेट, एखादी पद्मिनी उभी असेल. ती विकायची की ठेवायची हे तुमच्या पडवीवर अवलंबून आहे, आणि मला त्यावर बोलण्याचा अधिकार नाही. विकण्यापूर्वी ती कोणी चालवली, कोठे नेली, काय तुटले, कशाने जोडले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा आणि ती वही शाळेला द्या.

काका १९८८ मध्ये गेले. ते हँडल आमच्याकडे दाराला अडसर म्हणून वापरात होते. मधला भाग झिजून गुळगुळीत झाला आहे. आज येताना ते पिशवीत घालून आणले आहे. व्याख्यानानंतर ते मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीन. विज्ञानाच्या कपाटात जागा असेल तर तेथे ठेवावे, आणि मुलांना हातात घेऊ द्यावे.