गोधडी

गोधडी : जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले अंथरूण-पांघरूण. जाड, वजनदार गोधडीला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळाच्या लहान, मऊ गोधडीला दुपटे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे नाव हिमरू आणि पैठणीमुळे दूरवर पोचले. ती वस्त्रे मागावर, गिऱ्हाइकासाठी विणली गेली. त्याच मुलखात गोधडी मात्र घरच्या बाईने घरच्या माणसांसाठी शिवली. म्हणून ती प्रत्येक घरात होती, पण कलावस्तू म्हणून तिची नोंद फार उशिरा झाली.

शिवण : दोन्ही बाजूंच्या अस्तरासाठी नऊवारी लुगडे सोयीचे. सुमारे सव्वाआठ मीटरच्या लुगड्याचे चार तुकडे करून जोडले, की मोठ्या गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात. आत धोतर, सदरे, फाटकी चादर असे घरात असेल ते सपाट पसरतात. शेतीची कामे उरकली, की उन्हाळ्यात ओसरीवर हे काम निघते. काठापासून निघालेले टाके चौकोनाच्या आत चौकोन करीत मध्याकडे येतात. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि थरांत अडकलेली हवा ऊब धरते. दोघींनी मिळून शिवलेल्या गोधडीवर एकीकडचे टाके तांदळासारखे बारीक, तर दुसरीकडचे लांब दिसतात.

ठिगळ लावणे ही गरज असली, तरी त्याची जागा व रंग शिवणारी पारखून ठरवते. विटलेल्या लुगड्याचा शाबूत काठ चौकटीसाठी राखला जातो. चोळीच्या खणाचे त्रिकोण कोपऱ्यात बसतात.

परंपरा : तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीत भारतात प्राचीन आहे. विनयपिटकात बौद्ध भिक्षूंचे चीवर मगधातील बांधबंदिस्त शेतांच्या नमुन्यावर जोडण्याचा उल्लेख आहे. संस्कृतात अशा जोडवस्त्राला ‘कंथा’ हा शब्द आहे. मराठवाड्यातच अंबाजोगाईला संत दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हा विषय सुमारे ४० फूट लांब पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड कापड. इथे तेच ग्रंथ झाले. बंगालची कांथा, बिहारची सुजनी व कच्छची रल्ली ही गोधडीची भावंडे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या ‘कवंदी’च्या कोपऱ्यांवर घडीची ‘फुले’ लावतात; ती नसतील, तर कवंदी नागडी मानली जाते.

संग्रह : अमेरिकेत १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने हातशिवणीची पांघरुणे चित्रांप्रमाणे भिंतीवर लावली आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक केले आहे. तरीही जुनी गोधडी मिळणे कठीण, कारण ती झिजली तरी फेकली जात नाही. तिच्यावर नवे अस्तर चढते आणि ती नव्या गोधडीचे पोट होते. उसवलेल्या टाक्यातून आतला जुना रंग डोकावतो, तेव्हा एका घराच्या दोन पिढ्या एकत्र दिसतात.

संग्रहातील गोधडी घडी न घालता, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, उन्हापासून दूर ठेवावी. तिचे फाटलेपण झाकण्यासाठी नवी ठिगळे लावू नयेत.

आजची स्थिती : सिंथेटिक साड्या घाम शोषत नाहीत, त्यामुळे त्यांची गोधडी अंगाला सुखवत नाही. सुती लुगडी कमी झाली आणि विकतची ब्लँकेटे स्वस्त झाली, तशी घरची शिवण मागे पडली. शहरांत हौसेने नव्या कापडाच्या गोधड्या शिवल्या जातात. त्या देखण्या असतात, पण त्यांत कोणाचे लुगडे नसते. म्हणून जुनी गोधडी जपणाऱ्याने तिच्यासोबत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : गाव, शिवणारीचे नाव, शिवल्याचे साल आणि कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा. कापड जपले आणि ही माहिती हरवली, तर गोधडीचे अस्तर तेवढे उरते.