बाग, खेळ आणि सहल: एका पदवीची कुळकथा

दहावी-बारावीचा निकाल लागला की बजाजनगरात घरोघरी आयटीआय, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची बोलणी सुरू होतात. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या आसऱ्याने ही वसाहत वाढली, तेव्हा यात नवल नाही. एखाद्या पोराने ‘मी पर्यटन शिकणार’ म्हटलं, तर बाप विचारतो, “म्हणजे फिरायला शिकणार का रे?” प्रश्न खवचट आहे खरा. पण हा विषय आपल्या दारात बसवून घ्यायला जगातल्या विद्यापीठांनीही बराच वेळ लावला.

अमेरिकेत या शिक्षणाची सुरुवात मुलांच्या खेळापासून झाली. १८८५ साली बोस्टनमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले. मुलं जमली, मग त्यांच्याकडे बघणारं माणूस लागलं, आणि त्या माणसाला काय काय यायला हवं हा प्रश्न आला. १९०६ मध्ये क्रीडांगणांसाठी राष्ट्रीय संघटना निघाली. १९२६ मध्ये तिने मनोरंजन-कार्यकर्ते घडवणारी शाळाच काढली. पुढे हे शिक्षण विद्यापीठांत गेलं. १९६५ साली बागांचे लोक आणि खेळांचे लोक एकाच संघटनेत आले. उद्यानं, मनोरंजन आणि पर्यटन अशा जोडनावाचे विभाग तिथे आजही आहेत.

युरोपात मात्र मूळ पाहुण्यांच्या पैशात होतं. बर्लिनच्या व्यापार महाविद्यालयात रॉबर्ट ग्लुक्समान यांनी १९२९ साली पर्यटन संशोधन संस्था काढली. स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि सेंट गालन इथल्या संस्था १९४१ च्या. भोवती महायुद्ध पेटलेलं, सरहद्दी बंद, परदेशी पाहुण्यांची ये-जा थांबलेली. आणि नेमक्या त्याच वेळी या संस्थांतले हुन्झिकर आणि क्राप्फ हे दोघे पर्यटनाची व्याख्या करत होते. धंदा बुडाल्यावर शास्त्र सुचतं, असं म्हणायचा मोह होतो.

आपल्याकडची कुळी अजिंठ्यापासून लावावी असं मला वाटतं. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० च्या सुमारास चित्रांच्या जतनासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणले. सुटू लागलेले पोपडे त्यांनी पुन्हा भिंतीला बसवले. पण वरून दिलेला लाखेचा थर पुढे काळवंडला आणि तो काढायला नंतरच्या पिढ्यांना खपावं लागलं. लेण्यात माणसं किती सोडायची, दिवा कुठला लावायचा, श्वासाच्या दमटपणाचं काय करायचं, हे आज अभ्यासक्रमात शिकवतात ते प्रश्न लेण्यांच्या अंधारातच उभे राहिले. रखवालदार, खात्यातली माणसं आणि गाईड हे काम करता करता शिकले. कुणी त्यांना पदवी दिली नाही.

सरकारी पातळीवर पर्यटनवाढीचा विचार करायला १९४५ मध्ये सार्जंट समिती नेमली गेली. केंद्रात पर्यटनाचं वेगळं खातं १९५८ साली झालं. मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षी, २३ ऑगस्टला. दोघांची भेट व्हायला मात्र वेळ लागला. १९७५ मध्ये राज्याचं पर्यटन महामंडळ आलं. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच वर्षी केंद्राने पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था काढली. १९८९ मध्ये रफिक झकारियांच्या मौलाना आझाद ट्रस्टने ताज समूहाच्या साथीने औरंगाबाद शहरात हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी केली. विद्यापीठातही पर्यटन प्रशासनाचा विभाग आला, आणि औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याच्या परिसरात पर्यटन शिकवलं जाऊ लागलं.

पण अमेरिकेत एकत्र आलेलं कुटुंब आपल्याकडे वेगळंच राहिलं. बागा गेल्या कृषी विद्यापीठांच्या उद्यानविद्येत. मराठवाड्यापुरतं म्हणजे १९७२ पासून परभणीला. खेळ गेले शारीरिक शिक्षणाकडे. त्याचं महाराष्ट्रातलं जुनं घराणं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. ते १९१४ चं, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवून आलेलं. पर्यटन बसलं व्यवस्थापनाच्या पंगतीत आणि त्याची नजर राहिली विमानाने येणाऱ्या पाहुण्यावर. परिणामी पाळी संपवून घरी आलेल्या कामगाराची संध्याकाळ कुठल्याच विभागाच्या अभ्यासक्रमात नाही. तो कुठे बसतो, त्याची मुलं कुठे खेळतात, आषाढीला वाळूजच्या छोट्या पंढरपुरात लोटणाऱ्या गर्दीला पाणी, सावली आणि वाट कशी मिळते, हाही पर्यटनाचाच अभ्यास आहे. पाहुणा परदेशी असला तरच विषय होतो, ही समजूत मला पटत नाही.

वेरूळला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने एका सत्रासाठी बजाजनगरातही पाठवावं. परभणीचा उद्यानविद्येचा विद्यार्थी आणि शारीरिक शिक्षणाचा एखादा पदवीधर सोबत द्यावा. वसाहतीतला एखादा मोकळा भूखंड तिघांच्या हाती सोपवावा आणि त्यांच्या कामाला गुण द्यावेत.