इंग्रजीच्या तासाचे टाचण : हर्बार्ट ते भूम (धागा)

१/ भूम ते बार्शी हा आज एसटीचा तासाभराचा प्रवास. १९४८ पर्यंत मात्र या वाटेवर दोन राज्यांची सीमा होती : बार्शी मुंबई इलाख्यात, भूम निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सीमेच्या दोन्ही अंगांची मुले घरी एकच मराठी बोलत, पण इंग्रजीपर्यंत पोहोचण्याच्या त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. शिक्षक तासाआधी जे ‘पाठटाचण’ लिहितात, त्याचा इतिहास या दोन वाटांवरून पाहू.

२/ इलाख्यातील वाट सरळ होती : मराठीतून इंग्रजी. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हा तिचा खरा मैलाचा दगड. आधी नियम, मग शब्द, मग या भाषेतून त्या भाषेत वाक्ये. आज या पद्धतीला नावे ठेवण्याची रीत आहे. पण चांगला शिक्षक न लाभलेला मुलगाही ते पुस्तक घेऊन एकटा बसू शकत असे, हे विसरता कामा नये.

३/ भूमकडे चित्र निराळे. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले : माध्यम उर्दू, इंग्रजी हा सक्तीचा विषय. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारा हा प्रयोग त्या काळी धाडसीच होता, आणि उर्दूभाषक विद्यार्थ्याला त्याने मोठा आधार दिला.

मराठवाड्यातील मराठी मुलाला मात्र एक अनोळखी भाषा दुसऱ्या अर्धओळखीच्या भाषेतून समजून घ्यावी लागे. ‘व्हर्ब’ म्हणजे ‘फ़ेल’, आणि ‘फ़ेल’ म्हणजे क्रियापद! (परीक्षेच्या भीतीने आधीच अर्धमेल्या मुलाला हा शब्द कसा वाटत असेल, याची कल्पना करावी.) १९२१ ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, या संस्थांकडे आपण स्वातंत्र्यलढ्याची केंद्रे म्हणून पाहतो. मुलाला समजणाऱ्या भाषेत शिकवणे हाही त्या लढ्याचाच भाग होता.

४/ आता टाचणाकडे. डी.एड., बी.एड. केलेल्या कोणत्याही शिक्षकाला ‘हर्बार्टची पंचपदी’ विचारा. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, निष्कर्ष, उपयोजन : पाचही पदे तोंडपाठ असतील. गंमत अशी की योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाने मांडलेल्या पायऱ्या चारच होत्या. पाचांचा साचा झिलर, राइन आदी अनुयायांनी घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी जगात त्याची लाट आली, आणि १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले तेव्हा ती ऐन भरात होती.

माझे मत असे की भूगोलाच्या पाठाला ही पंचपदी शोभते, भाषेच्या पाठाला काचते. मान्सून समजावून ‘निष्कर्ष’ काढता येतो. बोलणे हा निष्कर्ष नव्हे, ती सवय आहे. साच्यात बसवलेल्या इंग्रजीच्या तासाला चौथ्या पदावर मुले नियम म्हणून दाखवतात आणि पाचव्या पदापूर्वी घंटा होते.

५/ हा काच तेव्हाही काहींना जाणवला होता. त्यातले एक नाव ऐकून दचकाल : पी. सी. रेन. होय, ‘रेन अँड मार्टिन’मधले रेन! मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात असताना या गृहस्थांनी भारतीय शाळांत इंग्रजी ‘प्रत्यक्ष’ पद्धतीने, म्हणजे भाषांतर टाळून शिकवण्यावर पुस्तक लिहिले. पुढे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून ते जगभर गाजले. आपल्याकडे मात्र ते उरले ते व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकापुरते.

६/ त्याहून मोलाचा प्रश्न ढाक्यात विचारला गेला. मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील शाळा पाहून १९२६ मध्ये द्विभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी विमा व्यवहारातील एक कल्पना वर्गात आणली. विमा मध्येच मोडला तर ग्राहकाला काहीतरी परत मिळते. मग जे मूल मध्येच शाळा सोडते, त्याच्या हाती तोवरच्या इंग्रजीतून काय पडते? बहुतांश मुलांच्या बाबतीत उत्तर होते, काहीच नाही. म्हणून निवडक शब्दांची सोपी वाचनमाला, जेणेकरून दोन वर्षांनी शाळा सुटली तरी थोडे वाचता यावे.

दुष्काळी आणि ऊसतोडीच्या या पट्ट्यात, जिथे आईबापांच्या मागे मुलेही कोयत्यावर जातात, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

७/ १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तिथे खेर मंत्रिमंडळाच्या धोरणाने इंग्रजी आठवीवर ढकलली गेली होती. वेळ कमी, म्हणून तास काटेकोर हवा. १९५८ मध्ये हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली, आणि त्या सुमारास देशभर रचनापद्धती पसरली. टाचणाचे उद्दिष्ट बदलले : एका पाठात एकच वाक्यरचना. शिक्षक दार उघडता उघडता म्हणणार, ‘आय अॅम ओपनिंग द डोअर’. वर्ग तेच म्हणणार. पण ज्याला सगळे पाहत आहेत ते सांगण्याची गरज कोणाला असते?

८/ ती गरज निर्माण करण्याचा प्रयत्न एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्पात केला. व्याकरणाची यादी बाजूला ठेवून मुलांपुढे वेळापत्रके, नकाशे, छोटी कोडी ठेवली. आधी एक कृती सर्वांसमोर, मग तशीच दुसरी ज्याची त्याने. भाषा उत्तर शोधताना येते, हे त्यांचे गृहीत. साध्या सरकारी शाळांत झालेला हा प्रयोग पुढे जगभर अभ्यासला गेला.

९/ २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. ती शिकवायची होती अशा शिक्षकांनी, ज्यांना स्वतःला ही भाषा वरच्या वर्गात, भाषांतराने आणि पाठांतराने भेटली होती. टाचणवहीवर सही करणाऱ्या तपासनिसाला पाच पदे दिसली की तो समाधानी.

१०/ मग भूमच्या सातवीच्या तासाचे टाचण कसे असावे? माझा कच्चा आराखडा : फळ्यावर बसस्थानकाचे वेळापत्रक. बार्शी, परांडा, धाराशिव. नवे शब्द पाचच, अर्थ मराठीत बेधडक सांगायचे. पहिला प्रश्न सर्वांनी मिळून : खव्याची पाटी घेऊन दहाच्या आत बार्शीला पोहोचायचे, तर कोणती बस? दुसरा प्रश्न जोडीने, उत्तर इंग्रजीत, मोडकेतोडके चालेल : परतीची शेवटची बस चुकली, आता काय कराल?